खरखर घशात, की कानात?

आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आम्ही स्पीच थेरपिस्ट आधी दोन कामे सांगतो. सहज लागेल त्या पट्टीत ‘आ’ लावून चार-पाच सेकंद धरायचा आणि मग काही वाक्ये नेहमीसारखी वाचायची. तेवढे ऐकून केसपेपरवर पाच अक्षरांपुढे पाच आकडे पडतात. जपानमधल्या स्वरतज्ज्ञांनी घडवलेली आणि मिनोरू हिरानो यांच्या 1981 च्या पुस्तकाने जगभर पोचवलेली ही पद्धत ‘ग्रबास’ म्हणून ओळखली जाते. एकूण बिघाड किती, खरखर किती, आवाजात हवा किती मिसळते, आवाज क्षीण किती आणि त्यावर ताण किती, या प्रत्येकाला 0 ते 3 मधला एक गुण द्यायचा. दिसायला काम सोपे आहे. पण यातला खरखरीचा गुण, म्हणजे ‘आर’पुढचा आकडा, मला सर्वांत कमी विश्वासाचा वाटत आला आहे. तो कानाने दिलेला असतो ही माझी हरकत नाही. कानाला आपण प्रश्नच असा विचारतो की त्याचे पक्के उत्तर कुठलाही कान देऊ शकणार नाही, ही हरकत आहे. ‘ही खरखर किती?’ या प्रश्नाऐवजी ‘ही खरखर त्या ठरलेल्या नमुन्याइतकी आहे का, त्याहून कमी की जास्त?’ असे विचारले, तर तोच कान बऱ्यापैकी भरवशाचा ठरतो. पुढचे सगळे विवेचन एवढ्याच मुद्द्यासाठी आहे.

आधी खरखर म्हणजे काय ते पाहू. घशाच्या बाजूने पाहिले तर गोष्ट सरळ वाटते. दोन स्वरतंतू सेकंदाला शे-दोनशे वेळा एका लयीत मिटतात-उघडतात. एकावर गाठ आली, सूज आली, एकाचे वजन किंवा ताण दुसऱ्यापेक्षा वेगळा झाला, की ती लय बिघडते आणि आवाज खरखरीत होतो. पण हे झाले कारण. खरखर ही संवेदना, आणि ती कानात आणि मेंदूत तयार होते. शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 मध्ये दाखवून दिले होते की जवळजवळच्या दोन स्वरांच्या मिश्रणातून जे ठोके उमटतात ते सावकाश असतील तर मोजता येतात, वेग वाढला की तेच खडबडीत लागतात आणि आणखी वाढला की खडबड विरून जाते. पुढे श्रवणाचे अभ्यासक त्स्विकर आणि फास्टल यांनी या खडबडीला एककच दिले. एक किलोहर्ट्झचा, 60 डेसिबलचा शुद्ध स्वर सेकंदाला 70 वेळा पूर्णपणे लहानमोठा केला की जेवढी खडबड ऐकू येते, ती एक ‘अ‍ॅस्पर’. सेकंदाला वीसच्या खालचे हेलकावे कानाला सुटे, थरथरल्यासारखे जाणवतात. सत्तरच्या आसपास खडबड कमाल होते आणि त्यापुढे ती ओसरू लागते.

हा आलेख दवाखान्यात आणून पाहा. काही रुग्णांत स्वरतंतूंचे एक आड एक कंपन वेगळे होते, एक ठोका जोरकस, पुढचा दबका. आवाज दुहेरी ऐकू येतो. पुरुषाचा स्वर 120 हर्ट्झचा असेल तर ही जोडी सेकंदाला 60 वेळा येते. स्त्रीचा स्वर 220 चा धरला तर 110 वेळा, लहान मुलाचा 300 चा असेल तर 150 वेळा. घशात घडते ते तिघांच्याही बाबतीत एकच. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र पहिल्याची खरखर कमाल पट्ट्याच्या जवळ पडते आणि मुलाची बरीच पलीकडे. माणसाचा आवाज हा शुद्ध स्वर नव्हे, त्यात स्वरांशांची अख्खी रांग असते, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा लागू पडणार नाही. तरी दिशा कळते ती अशी: स्वरतंतूंचा बिघाड आणि ऐकू येणारी खरखर यांच्यात कानाचा स्वतःचा एक नियम बसलेला आहे. तो वगळून केलेले कुठलेही मोजमाप अर्धवट राहते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हल्ली फारच जोरात येतो. कानावर कशाला विसंबायचे? लॅपटॉपवर ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यात ‘आ’ भरा, जिटर आणि शिमरचे आकडे दशांशासकट हातात पडतील. जिटर म्हणजे लागोपाठच्या दोन आवर्तनांच्या लांबीत सरासरी किती फरक पडतो ते, आणि शिमर म्हणजे तसाच फरक त्यांच्या जोरात. 200 हर्ट्झच्या आवाजात एक आवर्तन 5 मिलिसेकंदांचे असते. आता एक आवाज असा घ्या, ज्यात आवर्तने 4.9 आणि 5.1 अशी आळीपाळीने येतात. लागोपाठचा फरक दर वेळी 0.2, म्हणजे जिटर 4 टक्के. दुसरा आवाज असा घ्या, ज्यात आवर्तने कशीही, विनाक्रम लांबआखूड होतात, पण सरासरी फरक तेवढाच. त्याचाही जिटर 4 टक्के. यंत्राच्या लेखी दोन्ही सारखे. कानाला पहिल्यात खाली आणखी एक जाड स्वर चालल्यासारखा वाटतो, तर दुसऱ्यात चरचर. उलट बाजूही तपासून पाहता येते. पहाटे झोपेतून उठल्यावर किंवा वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडताना घशातून जे कडकड ठोके येतात, ते संगणकावर अगदी नियमित अंतराने तयार केले, सेकंदाला चाळीस-पन्नास, तर जिटर शून्य येतो आणि आवाज तरीही खरखरीतच लागतो. अनियमितपणा आणि खरखर या एकच गोष्टी नाहीत. त्या बरेचदा एकत्र येतात, म्हणून आपण एकीला दुसरीचे माप समजून बसलो.

त्याहून मोठी अडचण अशी की जिटर काढायला यंत्राला आधी आवर्तन कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सापडावे लागते. खऱ्याखुऱ्या खरखरीत आवाजात ते सापडत नाही. यंत्र तरी गप्प बसत नाही, कुठेतरी रेघा मारून आकडा देऊन मोकळे होते. इंगो टिट्झे यांनी 1995 मध्ये या क्षेत्रातल्या जाणकारांच्या वतीने आवाजाच्या संकेतांचे तीन प्रकार मांडले. पहिला जवळजवळ नियमित, दुसरा दुहेरीपणा किंवा अचानक बदल असलेला, तिसरा ज्यात नियमितपणाचा मागमूस नाही असा. जिटर-शिमर फक्त पहिल्यासाठी वापरावेत, दुसऱ्याचा स्पेक्ट्रोग्राम डोळ्यांनी पाहावा आणि तिसऱ्यासाठी ऐकूनच गुण द्यावेत, अशी त्यांची शिफारस होती. म्हणजे आवाज जितका जास्त बिघडलेला, तितके यंत्र कमी कामाचे. बऱ्याचशा निरोगी आवाजांसाठी नेमके असलेले हत्यार आपण आजारी आवाजांसाठी दशांशासकट वापरतो आणि त्याला वस्तुनिष्ठ म्हणतो, हे मला गमतीचे वाटते. स्वरतंतूंचे कंपन दाखवणाऱ्या स्ट्रोबोस्कोपीचीही तीच गत. तिचा दिवा स्वराच्या लयीशी ताळमेळ ठेवून लुकलुकतो. लयच नसेल तर चित्र नुसते थरथरते आणि मग सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा लागतो, जो मोजक्याच ठिकाणी असतो.

नवी सॉफ्टवेअर जिटरच्या पुढे गेली आहेत हे मान्य. सेप्स्ट्रमवर, म्हणजे आवाजाच्या वर्णपटाच्या पुढच्या विश्लेषणावर, आधारलेली मापे आवर्तन शोधत बसत नाहीत. सलग बोलणे आणि ‘आ’ दोन्ही मिळून एकच गुण देणारे निर्देशांकही आता वापरात आहेत. त्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण असा निर्देशांक चांगला की वाईट हे ठरते कशावरून? अनुभवी श्रोत्यांनी दिलेल्या गुणांशी तो किती जुळतो यावरून. उदाहरणांवरून शिकणारे नवे संगणकी प्रोग्रामही श्रोत्यांच्या गुणांवरच शिकतात. ते गुणच डळमळीत असतील तर यंत्र तो डळमळीतपणा इमानाने शिकेल. कानाला वळसा घालून पलीकडे जायला रस्ता नाही. कानाचाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आणि कानाचा प्रश्न खरोखरच अवघड आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोडी क्रायमन आणि ब्रूस जेरट यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की प्रत्येक श्रोत्याच्या मनात ‘साधारण खरखर’ कशी असते याचा एक नमुना असतो, पुढ्यातला आवाज तो त्या नमुन्याशी ताडतो आणि तो नमुना स्थिर नसतो. दोन टोकांना मतभेद फारसे होत नाहीत. ठणठणीत आवाजाला सगळे शून्य देतात, पार फाटलेल्याला सगळे तीन. भांडण मधल्या भागात असते. त्यांच्या 1998 च्या विश्लेषणात मधल्या पट्ट्यातल्या आवाजांवर दोन श्रोत्यांचे नेमके एकमत होण्याची शक्यता योगायोगाच्या फार वर गेलेली नव्हती. आणि ओपीडीत येणारे बहुतेक आवाज मधल्याच पट्ट्यातले असतात. सकाळी ओळीने तीन अगदी वाईट आवाज ऐकल्यावर चौथा मध्यम आवाज सौम्य वाटू लागतो. तोच आवाज निरोगी आवाजांच्या रांगेत आला असता तर दोन पडले असते. हे आमच्या कामात रोज घडते आणि केसपेपरवर त्याची कुठेच नोंद नसते. चार घरांऐवजी 100 मिलिमीटरची रेघ दिली तरी फरक पडत नाही. 2002 मध्ये पिट्सबर्गच्या बैठकीतून पुढे आलेल्या ‘केप-व्ही’ पद्धतीत अशी रेघ आहे आणि तिचे इतर फायदेही आहेत. पण मनातला नमुना सरकत असेल तर रेघेवर तो मिलिमीटरमध्ये सरकेल, एवढेच.

‘मग प्रशिक्षण वाढवा, अनुभवी माणसाकडून गुण घ्या’ हा दुसरा आक्षेप. ज्येष्ठतेवर आपला विश्वास दांडगा असतो, म्हणून तो पटकन पटतो. पण क्रायमन-जेरट यांच्याच गटाच्या 1990 च्या अभ्यासात वेगळेच दिसले. अनुभव नसलेले श्रोते आवाजांमधले साम्य ठरवताना एकमेकांसारखे वागले. तज्ज्ञ मात्र आपापल्या वाटेने गेले, कुणी एका गुणधर्माकडे लक्ष दिले, कुणी दुसऱ्याच. यात अनुभवाला कमीपणा नाही. ज्याने वर्षानुवर्षे लकव्याचे आवाज ऐकले त्याचा कान हवेकडे जातो, ज्याने गायकांच्या गाठी हाताळल्या त्याचा कान स्वर लागतानाच्या अडखळण्याकडे. अनुभवाने कान तीक्ष्ण होतो, पण प्रत्येकाचा वेगळ्या दिशेने. दोन मुरलेल्या थेरपिस्टांनी एकाच आवाजाला एक आणि दोन असे गुण दिले, तर त्यातला कोण चुकला हा प्रश्नच बरेचदा गैरलागू असतो. दोघांनी वेगवेगळे काही ऐकलेले असते. प्रशिक्षणाने फायदा होतो तो समोर ठरलेले नमुने ठेवून सराव केला तर. नुसते ‘खूप ऐका’ म्हणून होत नाही.

वेगवेगळे ऐकू येण्याला आणखीही कारणे आहेत. खरखर हे एकाच रंगाचे प्रकरण नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने आवाजाचे आठ दोष सांगितले. त्यात रूक्ष वेगळा, स्फुटित वेगळा आणि भग्न वेगळा. आम्ही हे सगळे एका ‘आर’मध्ये कोंबतो आणि मग एकमत होत नाही म्हणून खंतावतो. (हा शार्ङ्गदेव दरबारात हिशेबाच्या खात्याचा प्रमुख होता. वर्गवारीची सवय तिथली असेल तर नवल नाही.) दुसरे, आवाजातली हवा खरखरीला झाकते. खरखर ऐकू येते ती आवाजाच्या चढउतारांमुळे, दोन उंचवट्यांमधल्या खड्ड्यांमुळे. हवेचा फुसकारा त्या खड्ड्यांत भरला की चढउतार सपाट होतो. स्वरतंतूंमधली फट उपचाराने मिटू लागली की हवा कमी होते आणि आधी दडलेली खरखर उघडी पडते. केसपेपरवर ‘आर’ एकाचा दोन होतो, रुग्ण मात्र सांगतो की बोलायला सोपे जाते आहे. तोच परिणाम डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचा, घुमणाऱ्या रिकाम्या खोलीचा, आणि गोंगाट गाळणाऱ्या मोबाइलचा. मोबाइल तर कधी खरखरीलाच गोंगाट समजून पुसून टाकतो. नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या ध्वनिफितीवरून खरखरीचा गुण देऊ नये. पंखा बंद करावा आणि माइक ओठांपासून ठरलेल्या अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा.

तिसरे कारण भाषेचे. मराठीत हवामिश्रित आवाज हा दोष नसून उच्चाराचा भाग आहे. घ, झ, ध, भ यांत तो आहे, आणि म्ह, न्ह, ल्ह यांतही. गुजरातीत तर स्वरच हवामिश्रित होऊन शब्दाचा अर्थ बदलतो. क्रायमन, जेरट आणि समीर खान यांनी 2010 मध्ये इंग्रजी, थाई आणि गुजराती श्रोत्यांची तुलना केली, तेव्हा या गुणधर्माशी जोडलेल्या बारीक बदलांना गुजराती कान अधिक संवेदनशील निघाले. तेव्हा परदेशी वाक्यांचे शब्दशः भाषांतर करून आमच्या रुग्णांकडून वाचून घेणे बरोबर नाही. ‘केप-व्ही’मध्ये एक वाक्य सगळ्या घोष ध्वनींचे असते, म्हणजे स्वरतंतू मध्ये कुठे थांबू नयेत. मराठीत असे वाक्य हवे तर त्यात महाप्राणही टाळले पाहिजेत. ‘आजी उद्या गावाला जाईल’ हे त्यातल्या त्यात चालेल. ‘भाऊ घरी आला’ चालणार नाही, कारण ‘भ’ आणि ‘घ’ची हवा रुग्णाच्या खात्यावर जमा होईल.

आता उपायाकडे. सोनार दागिन्याचा कस डोळ्यांनी अंदाजत नाही. कसोटीच्या दगडावर दागिन्याची रेघ ओढतो आणि शेजारी माहितीच्या सोन्याची. खरखरीलाही अशीच शेजारची रेघ लागते. जेरट, क्रायमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये नेमके हेच केले. संगणकाने बनवलेले, खरखर क्रमाने वाढत जाणारे आवाज श्रोत्यांसमोर ठेवले आणि त्यांच्याशी ताडून गुण द्यायला सांगितले. नमुन्यांशिवाय दिलेले गुण एकाच बैठकीत हळूहळू एका दिशेला सरकत गेले. नमुने हाताशी असताना श्रोत्यांचे आपसांतले एकमत लक्षणीय सुधारले. श्रोते तेच आणि कानही तेच. बदलला होता तो प्रश्न. पुढे राहुल श्रीवास्तव आणि डेव्हिड एडिन्स यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. करवतीच्या दात्यांसारखी लहर आणि गोंगाट यांच्या मिश्रणाचा एक तुलनेचा आवाज घेतला आणि त्याचा चढउतार कमीजास्त करायची सोय दिली. रुग्णाच्या आवाजाइतकी खरखर त्यात आली की श्रोता थांबतो. उत्तर येते चढउताराच्या खोलीचे, डेसिबलमध्ये. 0 ते 3 या घरांमधले अंतर सारखे आहे की नाही हा वादच मग उरत नाही.

याला दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. एक असा की एकाच तुलनेच्या आवाजात खरखरीचे सगळे प्रकार कसे बसणार? दुहेरी आवाज आणि चरचरणारा आवाज यांना एकाच मापाने जोखणे म्हणजे शार्ङ्गदेवाचे आठ दोष पुन्हा एकात कोंबणेच. हे खरे आहे. माझे उत्तर एवढेच की जुळवणी निदान आपली मर्यादा लपवत नाही. आवाज जुळत नसेल तर श्रोत्याला तिथल्या तिथे कळते की प्रकार वेगळा आहे, आणि तशी नोंद करता येते. ‘आर 2’ लिहिताना हे कळायला वावच नसतो. दुसरा आक्षेप वेळेचा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांग दारापर्यंत असते, तिथे बटणे फिरवत आवाज जुळवायला कुणाला फुरसत आहे? पूर्ण जुळवणी संशोधनासाठीच ठीक, हे मीही मानतो. पण अर्धे काम तरी विनाखर्च होते. आपल्या विभागाने एकदा बसून चार ठरलेले आवाज निवडायचे, शून्याचा, एकाचा, दोनाचा आणि तिनाचा. शक्यतो पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे, कारण वर पाहिल्याप्रमाणे पट्टी बदलली की खरखर बदलते. ते हेडफोनसह संगणकावर ठेवायचे आणि गुण देण्याआधी ऐकायचे. याला अर्धे मिनिट लागते. उपचाराचा परिणाम पाहायचा असेल तर दोन तारखांना दोन सुटे आकडे देऊच नयेत. आधीची आणि नंतरची फीत शेजारी शेजारी लावावी, कुठली आधीची हे ऐकणाऱ्याला सांगू नये आणि कुठली जास्त खरखरीत एवढेच विचारावे. शक्य असेल तर ऐकणारा उपचार करणाऱ्याहून वेगळा असावा. स्वतःच्या उपचाराने सुधारलेला आवाज प्रत्येकालाच गोड लागतो.

राहिला रुग्ण. त्याला या ‘आर’शी काही देणेघेणे नसते, असे कुणी म्हणेल, आणि ते बव्हंशी खरे आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतल्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 57.7 टक्के शिक्षकांना आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेला होता, शिक्षक नसलेल्यांत हे प्रमाण 28.8 टक्के. अशा माणसाला शेवटचा तास निभावतो का, फोनवरचा माणूस ‘कोण बोलतंय’ विचारतो का, याची काळजी असते. त्यासाठी तीस प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे आणि ती भरून घ्यावीच. तिचे काम वेगळे आहे. ती त्रास मोजते, आवाज मोजत नाही. खरखर फारशी नसतानाही त्रास खूप असू शकतो आणि उलटही. दोन्ही नोंदी हव्यात, पण एकीने दुसरीची जागा घेऊ नये. आणि कान कितीही तयार झाला, नमुने कितीही नेटके ठेवले, तरी कान एवढेच सांगतो की आवाज कसा ऐकू येतो. तो तसा का झाला हे कानाला कळत नाही. साध्या सुजेची खरखर आणि कॅन्सरची खरखर ऐकून वेगळी ओळखता येत नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणाचा आवाज चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर गुळण्या आणि काढे पुरे करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र आतून पाहून घ्यावे. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असेल, मानेत गाठ लागत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर चार आठवडेही थांबू नये.